जमिनीलगतची मोटार

धनिकाची ती हौस आणि कामगाराची ती उधळपट्टी, असा भेद करण्याची समाजाला सवय आहे. कॅलिफोर्नियातील ‘लोरायडर’ मोटारींकडे पुष्कळांनी याच दृष्टीने पाहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील मेक्सिकन वंशाचे तरुण जुन्या शेव्हरोले गाड्या घेऊ लागले. इतर शौकीन गाडी वेगासाठी बदलत. यांनी ती जमिनीलगत आणली आणि रस्त्यातून सावकाश मिरवली. त्यासाठी कोणी मागे वाळूची पोती ठेवी, कोणी स्प्रिंगा कापी. १९५८ पासून कायदा लागू झाला : गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या कडेखाली असता कामा नये. रॉन अगिरे या तरुणाने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले. पंपाने सिलिंडरात तेल लोटले की गाडी उचलली जाते, तेल परत सोडले की खाली बसते. पोलीस दिसताच गाडी कायद्यात बसे!

दिवसभर दुसऱ्याच्या यंत्रावर राबणारा हात संध्याकाळी स्वतःसाठी काही घडवतो, त्याला उधळपट्टी म्हणणे आम्हांस मान्य नाही.

परंतु युक्तीने एकाची गाडी सुटते, कायदा तसाच राहतो. पुढे अनेक शहरांनी अशा फेऱ्यांवरच बंदी घातली; नॅशनल सिटीने ती १९९२ मध्ये घातली. मोटार-क्लब एकत्र आले, नगरसभेत जाऊन बोलले, आणि २०२३ मध्ये ती उठली. १ जानेवारी २०२४ पासून राज्याने फेऱ्यांवरील बंदीचे शहरांचे अधिकार व ते जुने कलम, दोन्ही रद्द केले. गाडी पंपाने उचलली. कायदा हलवायला मात्र संघटनाच लागली.