पाऊस लालबागला, इशारा जिल्ह्याला

२६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात त्याच काळात जेमतेम ७३.४. मधल्या लालबाग-परळवर किती कोसळला, हे या दोन आकड्यांची सरासरी काढून कळत नाही.

मोसमी वाऱ्यांचा जोर, कमी दाबाचा पट्टा हे हवामान खात्याला दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी दिसतं. रस्ते बुडवणारा ढग मात्र काही किलोमीटरच रुंद असतो. तास-दोन तासांत जमतो, बरसतो आणि विरतो. २६ मे २०२५ला दिल्लीत ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं हे मॉडेल बाराऐवजी सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देतं. पाऊल मोठं आहे, पण भायखळ्यापासून दादरपर्यंतचा पट्टा अजूनही एकाच चौकटीत मावतो.

नेमक्या त्याच दिवशी मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला, आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. कुलाब्याचा मे महिन्यातला १९१८चा विक्रम मोडला, वरळीच्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. जिल्ह्याला लाल इशारा आला तेव्हा पाऊस कोसळतच होता.

उलटंही घडतं. जानेवारी २०१५मध्ये न्यूयॉर्कला दोन-तीन फूट बर्फाचा अंदाज होता, भुयारी रेल्वेही बंद ठेवली. वादळ जरासं पूर्वेला सरकलं आणि सेंट्रल पार्कमध्ये दहा इंचांच्या आसपासच बर्फ साचला.

लालबागकरांना दिवसभराच्या बेरजेपेक्षा तासाचा हिशोब हवा. दोनशे मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत पडला तर तो तासाला आठ-नऊ मिलिमीटर होतो, सहज वाहून जातो. तोच चार तासांत आला तर तासाला पन्नास. आणि मुंबईची जुनी गटारं बांधली होती तासाला पंचवीस मिलिमीटरच्या हिशोबाने, तीही ओहोटी धरून. भरती असली की दादरजवळच्या हिंदमाताच्या खोलगट चौकातून पाणी हलत नाही. म्हणून तर पालिकेने दादर-परळमध्ये मैदान-उद्यानांखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या.

कुलाबा आणि वेरावलीची रडारं पुढच्या दोन-तीन तासांचा अंदाज देतात. तो जिल्ह्याच्या इशाऱ्याच्या रंगात न विरघळता वॉर्डापर्यंत यायला हवा, शक्यतेसकट. लालबाग-परळच्या वॉर्डासाठी, उदाहरणार्थ: ‘एफ-दक्षिण, दुपारी दोन ते पाच, भरतीच्या वेळी जोरदार पाऊस, शक्यता दहात सात’. मग शाळा कधी सोडायची हे परळच्या मुख्याध्यापकांना दुपारी एकलाच ठरवता येईल, आणि एखाद्या दुपारी ऊन पडलंच, तर ते उरलेल्या तिनांतलं होतं हेही पालकांना कळेल.