लेकीच्या शेजारी

बुद्धीची वाढ मंद असलेले मूल निवर्तले म्हणजे पुष्कळ घरांत ‘सुटले बिचारे’ एवढेच म्हणतात व पुढे त्याचे नावही काढीत नाहीत. फ्रान्सचे सेनानी व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले शार्ल द गॉल यांनी मात्र निराळा धडा घालून दिला आहे.

त्यांची धाकटी कन्या ॲन १९२८ साली जन्मली. तिला डाउन सिंड्रोम होता. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. त्यांपैकी एकविसाव्या जोडीत तिसरे गुणसूत्र आले म्हणजे ही अवस्था उद्भवते, हा शोध १९५९ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. अर्थात् ती आईबापांच्या पापाचे फळ नव्हे, व संसर्गानेही होत नाही. परंतु हे ज्ञान होण्यापूर्वीच त्या दांपत्याने ॲनला घरीच मायेने वाढविले. लोकांत कठोर दिसणारा तो सेनानी तिच्यापुढे गाणी म्हणे व नाचेही. तिच्या हयातीतच त्यांनी तिच्या नावाने अशा मुलींसाठी आश्रयगृह काढले. ती संस्था आजही चालू आहे.

१९४८ साली, विसाव्या वर्षी, ॲन वारली. द गॉल १९७० साली निवर्तले, तेव्हा १९५२ मध्येच लिहून ठेविलेल्या इच्छेप्रमाणे कोलोंबे गावी लेकीच्या शेजारी त्यांस पुरण्यात आले.

विद्यार्थी मित्रांनो, आमचीही एक बहीण अशीच होती. पुष्कळ वर्षे आम्ही परक्यांपुढे तिचे नाव घेतले नाही, याची आज आम्हांस लाज वाटते. तुमच्या घरी असे कोणी होऊन गेले असेल, तर आईबापांस त्याच्या गोष्टी अवश्य विचारा.