रस्त्याखालचा दोर

संपादकांचा निरोप मोघम होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात जातोच आहात तर तिथल्या साध्यासुध्या पण लक्षात राहणाऱ्या माणसांवर काहीतरी द्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. शनिवारी मराठी शाळा चालवणारा, गणपतीत ढोलपथक बसवणारा एखादा सॉफ्टवेअरवाला. अशी माणसं तिथे आहेत आणि चांगली आहेत, पण त्यांच्यावर दर दिवाळीला लिहून येतं. मी फ्रीमाँटला भाचीकडे उतरलो होतो. एका मंगळवारी बार्ट ही तिथली लोकल पकडून सॅन फ्रान्सिस्कोच्या पॉवेल स्टेशनला गेलो, जिन्याने वर आलो, तर समोर दोन माणसं केबल कारचा एक अख्खा डबा हातांनी ढकलून गोल फिरवत होती.

एक गाडी चालवणारा, दुसरा कंडक्टर. रस्त्यात बसवलेल्या लाकडी चक्रावर डबा उभा आणि हे दोघे खांदा लावून त्याचं तोंड फिरवताहेत. पॉवेल मार्गावरचे डबे एकतोंडी, त्यांना उलटं जाता येत नाही. म्हणून शेवटच्या थांब्यावर हे चक्र. आपल्याकडे बैल सोडून गाडी फिरवतात तसंच, फक्त बाजूला मोबाइल उगारून उभी असलेली दीडशे माणसं.

भाची आदल्या रात्री म्हणालीच होती, "मामा, ती टुरिस्टांची गाडी आहे. रांगेत तास जाईल." गेला. तिकीट तेव्हा आठ डॉलर. पण पहिल्याच फेरीत कंडक्टरने दोरी ओढून घंटेचे दोन टोल दिले, गाडी हलली, आणि मी एकटाच हसलो. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डबल बेल! आपल्या एसटीची भाषा इथे कोणी शिकवली? तीन टोल म्हणजे आहेस तिथे थांब. चालवणाऱ्याच्या डोक्यावरची घंटा वेगळी, मोठी, ती रस्त्यावरच्या लोकांसाठी. ती वाजवण्याची प्रत्येकाची चाल निराळी. तिच्या स्पर्धा १९४९ पासून होत आल्यात, आणि कार्ल पेन नावाच्या माणसाने ती स्पर्धा दहा वेळा जिंकली. ठेका ऐकून कोण येतंय ते चौकातले दुकानदार ओळखत असतील, अशी माझी समजूत.

या डब्यात इंजिन नाही. डिझेल नाही, वर विजेची तार नाही. दोन रुळांच्या मधोमध रस्त्याला एक चीर आहे, बोटभर रुंद. चिरेखालच्या बोगदीतून पोलादी तारांचा दोर पळत असतो, ताशी साडेनऊ मैल, म्हणजे साधारण १५ किलोमीटर. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत त्याच वेगाने, वर गाडी असो वा नसो. डब्यातून एक चिमटा त्या चिरेत उतरलेला असतो. चिमट्याने दोर धरला की डबा दोराबरोबर निघाला. संपली यंत्रणा. शहरात असे तीन मार्ग आहेत आणि चाळीसेक डबे, आणि एवढ्यांना ओढायला एकूण चार दोर. सव्वा इंच जाडीचा दोर, सहा पेडांचा, दर पेडात १९ तारा, आणि पोटात चक्क घायपाताच्या वाखाचा गाभा. सर्वांत लांब दोर कॅलिफोर्निया स्ट्रीटचा, २१ हजार फुटांच्या वर. कामगार त्याला केबल म्हणत नाहीत. 'रोप' म्हणतात. रोप घेतला, रोप सोडला.

चारही दोर वॉशिंग्टन आणि मेसन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या विटांच्या इमारतीत येतात. तिथे फुकट संग्रहालय आहे, पण खरं संग्रहालय सज्जाखाली चालू असतं. माणसापेक्षा उंच चाकं दोर गिळतात आणि ओकतात. दर दोराला ५१० अश्वशक्तीची स्वतंत्र मोटर. दोर उन्हापावसात, ओझ्याने ताणला जातो, सैलावतो. ती ढील खायला मागे रुळांवर सरकणारं एक चाक असतं. मी कठड्याला टेकून किती वेळ उभा होतो कोण जाणे. लहानपणी आजोळच्या विहिरीवर मोट बघत असाच उभा राहायचो आणि ओरडा खायचो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो फलकांवर ठळक लिहिलेला आहे. अँड्र्यू हॅलिडी हा लंडनमध्ये जन्मलेला, खाणींसाठी तारदोर बनवणारा माणूस. ओल्या चढावर घोडे घसरून ट्रामसकट मागे फरफटत गेलेले पाहिले आणि त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. २ ऑगस्ट १८७३ च्या पहाटे क्ले स्ट्रीटवर पहिली चाचणी झाली. दंतकथा अशी की ठरलेल्या चालकाने धुक्यात बुडालेला उतार वरून पाहिला आणि नाही म्हटलं, तेव्हा हॅलिडीने स्वतः दांडा हातात घेतला. तारदोर विकणाऱ्याला एवढं करणं भागच होतं, म्हणा.

याच १८७३ साली मुंबईत बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली. ९ मे १८७४ ला पहिली ट्राम धावली, तीही अमेरिकनांचीच. स्टर्न्स आणि किट्रेज कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते असं सांगतात. मुंबई सपाट, घोड्यांनी भागलं. १९०७ मध्ये घोडे जाऊन वीज आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली. त्याच १९६४ साली अमेरिकेने या दोरगाडीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला, चालती असूनही. दोन शहरांच्या या तारखा कोणी मुद्दाम शेजारी ठेवल्यात असं वाटावं.

इथेही गाडी अशीच गेली असती. १९०६ च्या भूकंपाने आणि आगीने बहुतेक मार्ग संपवले, विजेच्या ट्राम आल्या. उरलेल्या पॉवेलच्या गाड्या १९४७ मध्ये महापौर रॉजर लॅपहॅम यांनी भंगारात काढायला घेतल्या. खर्चिक, जुनाट, बस बरी. त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या फ्रीडेल क्लुसमन. त्यांनी बायकांच्या २७ संस्था एकत्र केल्या, सह्या गोळा केल्या आणि प्रश्न मतपेटीपर्यंत नेला. लोकांनी एकास तीन या प्रमाणात गाडीच्या बाजूने कौल दिला. १९८६ मध्ये बाई वारल्या तेव्हा सगळ्या गाड्यांना काळं कापड लावलं होतं.

पण माझा जीव अडकला तो चिमट्यात. इंग्रजीत ग्रिप, आपल्याकडे सुताराच्या पेटीत असते तीच पकड. फक्त ही दीडशे किलोंची. डब्याच्या पुढच्या उघड्या भागात, प्रवाशांच्या मधोमध, तिचा लांब दांडा वर येतो. दांडा मागे खेचला की खाली जबडा मिटतो. जबड्यात मऊ पोलादाच्या पट्ट्या असतात. मऊ मुद्दाम, म्हणजे झिजायचं त्यांनी, दोराने नाही. त्या दर काही दिवसांनी बदलतात.

आता गंमत बघा. दोराला एकच वेग ठाऊक, पंधरा. उभ्या गाडीने तो एकदम करकचून धरला तर उभे प्रवासी एकमेकांच्या अंगावर. म्हणून आधी जबडा थोडाच मिटायचा, दोर त्यातून घासत जाऊ द्यायचा, आणि गाडी हलू लागली की हळूहळू आवळत न्यायचा. ज्याने घाटात एसटी किंवा पावसात स्कूटर चालवलीय त्याला एका शब्दात कळेल: हाफ क्लच. पण तो पायाने नाहीतर बोटांनी दाबायचा असतो. इथे हात, खांदा, कंबर आणि अख्खं वजन. मी ज्याच्या गाडीत तीन वेळा बसलो तो पन्नाशीचा, दाढीवाला, चामड्याचे जाड हातमोजे घातलेला गृहस्थ होता. आवळताना तो मागे असा झुकायचा, जणू नाव किनाऱ्याला ओढतोय. दोर पूर्ण हातात आला की त्याच्या खांद्याचा ताण सुटायचा, आणि ते आम्हाला पाठीमागून दिसायचं. त्याचे डोळे मात्र दांड्याकडे कधीच नसत. दांडा कुठे आहे हे त्याला तळव्यांतून कळत असावं.

धरण्यापेक्षा सोडणं अवघड. पॉवेलची चढण संपते तिथे कॅलिफोर्निया स्ट्रीट आडवा येतो, आणि त्याचा दोर पॉवेलच्या दोराच्या वरून जातो. कॅलिफोर्नियाचा मार्ग १८७८ चा, पॉवेलचा १८८८ चा. आधी आला त्याचा मान. म्हणून पॉवेलच्या गाडीने चढ चढून माथ्यावर आल्या आल्या दोर सोडायचा, निव्वळ अंगातल्या गतीवर चौक ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा दोर उचलायचा. लवकर सोडला तर गाडी चढावरच रेंगाळणार. उशीर झाला तर चिमटा दुसऱ्या दोराला जाऊन भिडणार. चौकात एक टपरीएवढा मनोरा आहे, त्यात बसलेला माणूस सिग्नल सांभाळतो. दाढीवाल्याने दांडा पुढे लोटला, दोन क्षण गाडी कोणाचीच नव्हती, खालची घरघर थांबली, आणि मग पलीकडे एक हलका हिसका. शेजारची छोकरी आइस्क्रीम खात होती. तिला काही कळलंही नाही, आणि हीच त्याची कमाई.

मग हाइड स्ट्रीटचा उतार. समोर खाडी, अल्काट्राझचं बेट, सगळे फोटो काढतात. मी खाली बघत होतो. ब्रेक तीन प्रकारचे. एक चाकांचा, पुढच्या चाकांचा चालवणाऱ्याच्या पायाशी, मागच्यांचा कंडक्टरच्या हाती, त्यामुळे उतारावर तिकिटं फाडणं सोडून तो मागे पळतो. दुसरा, लाकडाचा. डग्लस फर झाडाचे ठोकळे चाकांच्या मधे थेट रुळावर दाबायचे. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला क्लीनर उटी लावतो, त्याच जातीचं शहाणपण. ठोकळे दोन-चार दिवसांत झिजून संपतात आणि उतारभर जळक्या लाकडाचा वास येत राहतो. तिसरा ब्रेक लाल दांड्याचा. तो ओढला की पोलादाची पाचर चिरेत घुसते. कधी इतकी घट्ट, की गॅसच्या ज्योतीने कापून काढावी लागते.

हे काम पुरुषांचंच, अंगाने दांडग्यांचं, असं शंभर वर्षांहून अधिक काळ मानलं गेलं. १९९८ मध्ये फॅनी मे बार्न्स यांनी ते मोडलं. आधी बसचालक, मग याच गाड्यांवर कंडक्टर, आणि वयाच्या ५२ व्या वर्षी दांड्यावर उभ्या राहिलेल्या पहिल्या बाई. त्यासाठी त्यांनी व्यायामशाळेत वजनं उचलून शरीर कमावलं होतं. पण नुसत्या ताकदीने हे जमत नाही हेही त्याच वेळी सिद्ध झालं. प्रशिक्षणाला येणाऱ्यांतले बरेच तगडे गडी गळतात. ते दांड्याशी भांडतात.

आणि इथून पुढे माझी काळजी सुरू होते. यंत्र वाचवण्याची विद्या या शहराला येते. १९८२ ते १९८४ दरम्यान रूळ, बोगद्या, चाकं सगळं उकरून नव्याने बसवलं. सुमारे सहा कोटी डॉलर लागले. डबे आजही सुतार हाताने घडवतात, एकेकाला वर्षाहून जास्त वेळ लागतो. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, कारण या पद्धतीने धरता-सोडता येणाऱ्या गाड्या जगात दुसरीकडे कुठे उरल्याच नाहीत. जे लागेल ते स्वतःच ओता, स्वतःच घडवा. रात्री गाड्या बंद झाल्या की दोराची तपासणी. जुना दोर काढून नवा ओवणं, टोकांचे पेड एकमेकांत गुंफून सांधणं, हे सगळं त्या मोजक्या तासांत. सांधा जाड झाला तर जबड्यात अडकेल, म्हणून तो दोराइतकाच बारीक हवा. सांधणाऱ्यांची नावं कोणाला ठाऊक नसतात.

भीती एका तारेची. दोराची एखादी तार किंवा पेड तुटून उसवला आणि चिमट्यात गुंतला, तर दोर सोडताच येत नाही. चालवणारा दांडा ढकलतोय आणि गाडी मात्र दोराबरोबर चाललीय, पुढच्या गाडीच्या दिशेने. अशा वेळी घंटा वाजवून लोकांना बाजूला करायचं आणि यंत्रघराला कळवून अख्खा दोर थांबवायचा. बोगदीत धोक्याची सूचना देणारी साधनं बसवली आहेत. तरी फलकावर ही माहिती वाचल्यावर मी त्या दिवशी उभ्याने प्रवास केला नाही, बाकावर बसलो. अपघात होतात. पायरीवर लटकणारे पडतात, दावे लागतात. चालवणाऱ्यांचे खांदे आणि पाठी आधी जातात.

पैशाचं तर विचारूच नका. मार्च २०२० मध्ये महामारीने दोर थांबला तो २०२१ च्या उन्हाळ्याअखेरीस पुन्हा फिरला. प्रवासी परतले, पण शहराच्या वाहतूक खात्याने २०२६ च्या मध्यापासून ३० कोटी डॉलरहून मोठ्या वार्षिक तुटीचा अंदाज मांडला. इंजिन नसलेल्या डब्यावर दोन माणसं, शिवाय सुतार, लोहार, दोर सांधणारे, मनोऱ्यावरचा. कोणत्याही हिशेबनिसाच्या बोटाने आधी तिकडेच जावं. टुरिस्ट महागडं तिकीट काढतात म्हणून चाललंय, आणि टुरिस्टांची म्हणूनच गावातली माणसं तिच्यात बसत नाहीत. भाचीला तिथे राहून अकरा वर्षं झाली, दोनदा बसलीय, दोन्ही वेळा पाहुण्यांबरोबर. १९४७ ला मत देणाऱ्यांना ही रोजची गाडी होती. आज तोच कौल मागितला तर लोक देतीलही, फोटोसाठी. पण महापालिका उद्या दहा नवे डबे घडवेल, दाढीवाल्याच्या जागी उभा राहणारा कुठून आणेल? त्याच पगारात बस चालवता येते, बसून.

तिसऱ्या दिवशी दाढीवाल्याच्या शेजारी एक तरुण मुलगी उभी होती, अंगापेक्षा मोठे हातमोजे घातलेली. शिकाऊ. पॉवेलच्या पायथ्याशी त्याने दांडा तिच्या हाती दिला आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. निघताना गाडीला असा झटका बसला की एका म्हाताऱ्याची टोपी उडाली. दुसऱ्या थांब्यावर थोडा कमी. तिसऱ्यावर तिने आवळता आवळता मध्येच श्वास सोडला, दोर घासल्याचा आवाज लांबला, आणि गाडी सायीसारखी सुटली. दाढीवाला काही बोलला नाही. कॅलिफोर्नियाचा चौक येण्याआधी मात्र त्याने पाठीमागचे हात सोडवले आणि दांड्यापासून वीतभर अंतरावर आणून ठेवले. ती माथ्याकडे बघत होती. मी तिच्या मनगटांकडे.

सोडला तिने. वेळेवर.

संध्याकाळी फ्रीमाँटला पोचलो तर भाचीने दारातच नाक मुरडलं. "मामा, शेकोटीला बसला होतास का कुठे?" आणि शर्ट तसाच मशीनमध्ये टाकायला लावला.