काळ्या दारूचे काडतूस

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात रॅटन या गावाजवळ नेमबाजीचे एक विस्तीर्ण मैदान आहे. १९८५ साली तेथे एका जुन्या धाटणीच्या स्पर्धेला आरंभ झाला. पोलादी पत्र्याची कोंबडी दोनशे मीटरवर, डुक्कर तीनशेवर, टर्की पक्षी तीनशे पंच्याऐंशीवर आणि मेंढा पाचशेवर उभा करावयाचा, आणि एकेका गोळीने त्यांना आडवे पाडावयाचे. बंदूक मात्र १८९६ पूर्वीच्या अमेरिकन घडणीची, एका वेळी एकच बार घालता येणारी हवी. गोळी शिशाची आणि दारू काळी, म्हणजे पणजोबांच्या वेळची. या खेळाचे षोकी लोक बाजारच्या काडतुसांवर सहसा विसंबत नाहीत. रात्री टेबलाशी बसून ते एकेक काडतूस हाताने भरतात, आणि निम्मा खेळ त्या टेबलावरच खेळला जातो असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर त्या दारूच्या स्वभावात आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण. (यांपैकी सोऱ्यासाठी एके काळी सारे युरोप आपल्या बिहारकडे डोळे लावून बसे.) नोबल आणि एबल या दोघा ब्रिटिश संशोधकांनी १८७५ साली दाखवून दिले की, ही दारू जळली म्हणजे तिचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होता घनरूपच राहतो. त्यातला काही धुराबरोबर उडून जातो. उरलेला नळीच्या आतील आट्यांत काजळी होऊन बसतो. पहिली गोळी स्वच्छ नळीतून जाते, दुसरीला पहिलीच्या मळातून वाट काढावी लागते. दहावी गोळी पहिलीसारखीच जावी, हीच या छंदातील खरी विद्या. वारा आणि अंतर यांची गोष्ट पुढची.

१८७३ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले काडतूस या मंडळींचे विशेष लाडके. त्याचे नावच त्याचे माप सांगते : पंचेचाळीस-सत्तर, म्हणजे गोळीचा व्यास इंचाचा पंचेचाळीस शतांश आणि दारू सत्तर ग्रेन. ग्रेन हे धान्याच्या दाण्यावरून आलेले वजन. आपल्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित अधिक. मूळची गोळी ४०५ ग्रेनांची, म्हणजे सुमारे सव्वादोन तोळे शिसे. पितळी कवच पुनःपुन्हा भरता येत असल्यामुळे, बायसनांच्या मागे रानोमाळ हिंडणारे त्या काळचे शिकारी शिसे आणि दारू बरोबर बाळगीत व तळावरच काडतुसे भरून घेत. आजच्या छंदाचे मूळ त्या गरजेत आहे.

भरण्याचे काम दिसते सोपे, पण त्यात घाई चालत नाही. धुऊन वाळवलेल्या कवचाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी बसवतात. मग हातभर लांबीच्या अरुंद नळीतून दारू संथपणे आत सोडतात, म्हणजे दाणे एकमेकांत घट्ट बसतात. तिच्यावर जाड कागदाची चकती आणि चकतीवर गोळी. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहू द्यावयाची नाही, हा नियम कडक आहे; पोकळी राहिल्यास नळीला फुगवटा येण्याचे भय असते. गोळी घरीच साच्यात ओतलेली, शिशात थोडे कथील मिसळून किंचित कठीण केलेली. तराजूत जी हलकी भरेल तिच्या पोटात हवेचा बुडबुडा असणार. ती परत कढईत जाते. शिशाची वाफ आणि धूळ विषारी असल्याने हे काम उघड्या हवेत करतात आणि हात धुतल्यावाचून अन्नाला शिवत नाहीत.

गोळीच्या अंगावरील खाचांत मेण आणि चरबी यांचे वंगण भरलेले असते. वाचकाला येथे १८५७ आठवल्यावाचून राहणार नाही. एन्फील्ड बंदुकीच्या कागदी काडतुसाला चरबी फासण्याचे एक कारण हेच होते : वंगणाने काजळी मऊ राहते आणि पुढची गोळी अडत नाही. गायीच्या व डुकराच्या चरबीच्या ज्या वार्तेने छावण्या पेटल्या, तिच्या मुळाशी काळ्या दारूची ही मळकट खोड होती. मेणातेलानेही काम भागले असते. ते उशिरा सुचले.

मैदानावर नेमबाज आणखी एक युक्ती करतो. बार झाला की तो बंदुकीच्या मागील तोंडाशी पोकळ नळी लावून आत तीन-चार दीर्घ फुंकरी घालतो. त्याच्या श्वासातील ओलाव्याने काजळी भिजते. कोरड्या उन्हाळ्यात फुंकरी वाढवाव्या लागतात. दमट दिवशी थोड्या पुरतात. मग नेम. पाचशे मीटरवरील मेंढ्यापर्यंत जाण्यास गोळीला सुमारे दीड सेकंद लागतो आणि पोलादाचा टणत्कार परत कानी येण्यास जवळजवळ तितकाच. एवढ्या अवधीत चेहऱ्यावर काय काय उमटते, ते पाहण्यासारखे असते.

हा सारा मळ टाळण्यासाठी कोणाला नवी धूररहित दारू घालण्याचा मोह झाला, तर तो जिवावर बेतू शकतो. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली सिद्ध केलेली ही दारू फार जोरकस. काळ्या दारूने भरावयाचे कवच तिने तितकेच भरले तर जुनी बंदूक नेमबाजाच्या तोंडासमोर फुटते. म्हणून जाणते लोक टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवतात, आणि उरलेली दारू तिच्या मूळ डब्याखेरीज दुसऱ्या कशात ओतीत नाहीत. भारतात तर १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हाच गुन्हा आहे.

स्पर्धा संपली तरी सुटका नाही. उरलेली काजळी हवेतील पाणी ओढून घेते आणि पोलादाला गंज चढवते. त्यामुळे इतर खेळाडू घरी जाऊन पाय पसरतात तेव्हा हा गृहस्थ रिकामी कवचे साबणाच्या पाण्यात टाकून, ओल्या चिंध्यांनी नळी पुसत बसतो. चिंधी पांढरी निघेपर्यंत त्याला उठता येत नाही.