क्लिप लावण्याआधी
दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीत एरिख म्युहे यांनी १९८५ साली केली. तेव्हापासून सुधारणा म्हणजे छिद्रं कमी आणि यंत्रं नवी, असंच समीकरण झालं. मला ते पटत नाही, कारण खरा धोका नजरेत आहे. पित्तनलिकेच्या २५२ इजांचा अभ्यास २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९७ टक्के इजांचं मूळ दृष्टिभ्रमात निघालं. मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नळी वाटून कापली जाते. शल्यचिकित्सक स्ट्रासबर्ग यांनी १९९५ सालीच उपाय मांडला होता: चरबी आणि पापुद्रे सोडवायचे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करायचा आणि पित्ताशयात शिरणारी नळी व धमनी, या दोनच गोष्टी स्पष्ट दिसल्या की मगच क्लिप लावायची.

यात वेळ जातो आणि सुजून चिकटलेल्या पित्ताशयात असं काही दिसतच नाही, हा आक्षेप खरा आहे. पण न दिसणं हीच थांबायची खूण. तिथे पित्ताशयाचा थोडा भाग आत ठेवावा, नाहीतर सरळ पोट उघडावं. नातेवाइकांना हे अपयश वाटतं, ते चूक आहे. मुख्य नलिका तुटली तर ती आतड्याला जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते आणि पुढे वर्षानुवर्षं तपासण्या मागे लागतात.