दोन किलोमीटर पाण्याखालचा वायू

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. पोलादी पाय तळात रोवून प्लॅटफॉर्म उभारता आला. काकीनाड्यासमोरच्या केजी-डी६ या वायुक्षेत्रातल्या ‘आर क्लस्टर’मध्ये पाणी २००० मीटरहून खोल. एवढे लांब पाय आणायचे कुठून? म्हणून विहिरींच्या झडपा समुद्रतळावरच बसवतात आणि दुरून चालवतात. पाणबुड्या तिथे पोचूच शकत नाही. दुरुस्तीला यंत्रमानव उतरतो. पण खरी डोकेदुखी थंडीची. वातावरणाच्या दोनशेपट दाबाखाली गारठलेला वायू पाण्याशी मिळून बर्फासारखा गोठतो, नळ तुंबतो. तो मोकळा राहावा म्हणून आत ग्लायकॉल सोडतात. गाडीच्या रेडिएटरमधल्या कूलंटचाच हा भाऊबंद. ‘आर क्लस्टर’मधून वायू डिसेंबर २०२० मध्ये निघू लागला.