टर्कीचं वय दाढीत नसतं

उत्तर अमेरिकेत रानटी टर्कीची शिकार झाली, की नराच्या छातीवर लोंबणाऱ्या केसाळ तुऱ्यावरून त्याचं वय सांगितलं जातं. या तुऱ्याला तिथे दाढी म्हणतात. ती आयुष्यभर वाढते, म्हणून हा समज स्वाभाविकच आहे. पण पक्षी खाली वाकून चरताना तिची टोकं जमिनीला घासून झिजतात. नेमाने केस कापणाऱ्या माणसाचं वय केसांच्या लांबीवरून सांगता येईल का? तसंच हे.

पायामागचा काटा (हाडाच्या गाभ्यावरचं शिंगासारखं टणक टोक) अधिक भरवशाचा. जेकचा (एक वर्षाच्या नराचा) काटा सव्वा सेंटिमीटरहून आखूड आणि बोथट असतो. दोन वर्षांच्या नराचा साधारण सव्वा ते सव्वादोन सेंटिमीटर. अडीचच्या पुढचा, टोकदार, वाकडा काटा बहुधा तीन किंवा अधिक वर्षांचा. खडकाळ भागात काटाही झिजतो. त्यामुळे मोठ्या नराचं वय हा अंदाजच राहतो.

जेक मात्र पिसाऱ्यावरून सहज ओळखू येतो: त्याची मधली पिसं बाजूच्यांपेक्षा लांब असतात, प्रौढाच्या पिसाऱ्याची कड सलग असते. पंखाचं सर्वांत बाहेरचं पीसही पाहावं. जेकचं टोकदार असतं, त्यावरचे पांढरे पट्टे टोकापर्यंत पोचत नाहीत.